पात्र जमिनीवर टेकतच नाही? आधी डोळ्याची रेघ मारा, मग घड्याळ लावा

हा बिघाड माझ्याकडं दर दोन-चार महिन्याला परत येतोय. आता धाकटा चुलतभाऊ ॲनिमेशन शिकायलाय तर त्याच्या वहीत बी तोच दिसला, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवायलोय.

बिघाड असा आहे. क्विक स्केच (गेस्चर, म्हणजे काही सेकंदात काढलेली माणसाची पोझ) सुटं बघितलं तर झकास, माणसात जीव आहे, कंबरेत लचक आहे. बॅकग्राउंड सुटं बघितलं तर ते पण झकास, पट्टी लावून, पॉइंट (लांब जाणाऱ्या रेघा जिथं मिळाल्यासारख्या दिसतात तो व्हॅनिशिंग पॉइंट) धरून काढलेलं. दोन्ही एका फ्रेममधे ठेवलं की गेलं. माणूस पुराच्या पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो नाहीतर खड्ड्यात उतरल्यासारखा, मागं उभा केलेला माणूस लांब वाटायच्या ऐवजी बुटका वाटतो, आणि चालवला की पाय घसरतात. क्लासमधे माझा पहिला लेआउट, म्हणजे बॅकग्राउंड अन् पात्राची एकत्र मांडणी, बघून सर एवढंच म्हणले होते, "हा माणूस रस्त्यावर उभाय का रस्त्याच्या फोटोसमोर?" सगळे हसले, मी बी हसलो, पण घरी येऊन तीन तास तेच करत बसलो अन् नीट काही झालं नाही.

आधी मी काय काय करून बघितलं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचंल. पायाखाली सावली टाकली. त्यानं थोडा वेळ फसल्यासारखं होतं, पण माणूस चुकीच्या मापाचा असला तर सावलीसकट चुकीचा दिसतो. मग लेयर सिलेक्ट करून पात्र लहान-मोठं करत बसलो, अंदाजानं, एक शॉट बसला तर पुढचा बिघडायचा. मग क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घेतलं, फुकट आहे आणि त्यात पर्स्पेक्टिव्हचे (लांबचं-जवळचं नीट दाखवायचे) असिस्टंट आहेत, रेघा आपोआप पॉइंटकडं जातात. इमारती एकदम सरळ झाल्या. माणूस होता तसाच तरंगत राहिला, कारण असिस्टंट भिंतीला सांभाळतो, माणसाला कोण सांभाळणार. शेवटी कुणीतरी म्हणलं की गेस्चरचा सराव कमी पडायलाय, तर रोज शंभर-शंभर काढले, तीस सेकंदाचं घड्याळ लावून. हात सुटला हे खरं. तरंगणं काही गेलं नाही.

मूळ कुठंय ते लई उशिरा कळलं. आपल्याकडं चित्रकला शिकलेल्या बहुतेक पोरांची सुरुवात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेनं होते. तिथं भूमितीचा पेपर वेगळा आणि स्मरणचित्राचा पेपर वेगळा. भूमितीत पट्टी-कंपास, स्मरणचित्रात बसस्टँड नाहीतर भाजीबाजार. स्मरणचित्राला सर सांगायचे, मागचा माणूस छोटा काढ आणि जरा वर काढ. बरोबरच सांगायचे. पण किती छोटा, अन् किती वर? हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, मार्क पडले, ग्रेड आली, विषय संपला. ॲनिमेशनला आल्यावर पण तसंच चालू राहतं, सोमवारी पर्स्पेक्टिव्ह, मंगळवारी गेस्चर, दोन वह्या, दोन डोकी. क्विक स्केच काढताना माणूस कोऱ्या कागदात लटकलेला असतो, त्याच्यामागं डोळ्याची पातळी नसतेच. मग तो उचलून लेआउटमधे टाकला तर तो टेकंल कसा?

इलाज एका रेघेचा आहे. स्केच सुरू करायच्या आधी, घड्याळ लावायच्या आधी, कागदावर आडवी रेघ मारायची, म्हणजे तुमच्या डोळ्याची पातळी, होरायझन. तीस सेकंदाचं स्केच असलं तरी. त्या रेघेला दोन सेकंद जातात.

आता ती रेघ वापरायची कशी, हे मला गंजगोलाईत बसून कळलं. लातूर ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, गावाच्या मधोमध 1917 ची दोन मजली गोल इमारत आहे आणि तिच्याभोवती 16 रस्ते फुटतात, सोन्याचं वेगळीकडं, चपला वेगळीकडं, मिरची-गूळ वेगळीकडं. पर्स्पेक्टिव्ह शिकणाऱ्याला याच्यापेक्षा भारी जागा नाही. प्रत्येक रस्ता वेगळ्या दिशेला जातो, म्हणजे प्रत्येकाचा व्हॅनिशिंग पॉइंट वेगळा. मी पहिल्यांदा तिथं काढायला बसलो तेव्हा दिसणाऱ्या तीन रस्त्यांचे तीन पॉइंट तीन उंचीवर टाकले होते, आणि चित्र असं दिसत होतं जसं एक रस्ता विहिरीत चाललाय अन् एक आभाळात. जमीन सपाट आहे तोवर सगळ्या रस्त्यांचे पॉइंट एकाच रेघेवर येतात, कुणाचा डावीकडं, कुणाचा उजवीकडं, कुणाचा कागदाच्या बाहेर. चढाचा रस्ता असला तरच पॉइंट रेघेच्या वर जातो, उताराचा खाली.

आता माणसं. मी एका दुकानाच्या पायरीखाली जमिनीवरच मांडी घालून बसलो होतो. असं बसलं की डोळा जमिनीपासून अडीच फुटाच्या आसपास येतो. तर समोरचा चहावाला असू दे नाहीतर लांब कोपऱ्यावरचा गाडेवाला, दोघं साडेपाच फुटाचे असले तर माझी डोळ्याची रेघ दोघांच्या शरीराला एकाच ठिकाणी कापते, कंबरेच्या जरा खाली. जवळचा मोठा दिसतो, लांबचा लहान दिसतो, पण रेघ कापायची जागा बदलत नाही. हे एकदा डोळ्यानं बघा, पेन्सिल आडवी धरून बघा, मग सगळीकडं दिसायला लागतं.

याचा उलटा उपयोग जास्त कामाचा आहे. कागदावर जमिनीत कुठंही पावलं ठेवा. त्या पावलापासून वर होरायझनपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या डोळ्याची उंची, इथं अडीच फूट. बस, पट्टी मिळाली. साडेपाच फुटाचा माणूस पाहिजे तर तेवढं दोनदा आणि वर थोडंसं. एसटी साधारण दहा फूट उंच धरली तर चारदा. उभं राहून काढायलात तर डोळा पाच फुटाच्या आसपास, मग मोठ्या माणसांची डोकी सगळी रेघेच्या आगंमागं येतात, एसटी बरोबर मधे कापली जाते, आणि साडेतीन फुटाचं पोरगं पूर्ण रेघेच्या खाली राहतं. माझ्या जुन्या सगळ्या बिघडलेल्या लेआउटमधे मी ही रेघ नंतर ओढून बघितली. एका फ्रेममधे पुढच्या माणसाला रेघ छातीत लागत होती आणि मागच्याला गुडघ्यात. म्हणजे मागचा माणूस राक्षस होता आणि मला वाटत होतं की तो पुरेसा लांब गेला नाही. म्हणून मी त्याला अजून वर सरकवत होतो, त्यानं तो अजूनच मोठा व्हायचा. हसावं का रडावं.

चुलतभावाला हे सांगितलं तर तो म्हणला, "दादा, अजिंठ्याला तर पद्मपाणी मधे एवढा मोठा आणि बाजूची माणसं बारकी, तिथं कुठंय तुझी रेघ?" प्रश्न बरोबर आहे. 1 नंबरच्या लेण्यात माणसाचं माप त्याच्या मानावर ठरलंय, अंतरावर नाही, आणि त्या भिंतीवर ते शोभतं, कारण आजूबाजूचं सगळं तसंच आहे. तुमची बॅकग्राउंड पट्टीनं मोजलेली आणि माणूस मानानं मोजलेला असला की मग वांधा होतो. सगळंच अजिंठ्यासारखं करायचं असंल तर खुशाल करा, लई अवघड काम आहे ते.

आता क्विक स्केचकडं येतो, कारण रेघ मारायला लागलं की दुसरीच तक्रार सुरू होते, माणसं ताठ व्हायला लागतात. डोकं मोजमापात अडकतं. यासाठी मी मार्केट यार्डात जातो. सोयाबीनच्या सीझनला हमालांसारखी पोझ तुम्हाला कुठल्या मॉडेलकडून मिळणार नाही. दोघं जण कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, उचलून देतात, तिसरा पाठ करून वाकलेला असतो, हात मागं, गुडघे थोडे मोडलेले, आणि कट्टा पाठीवर पडला की एक क्षण तो तसाच थांबतो, मग बारीक-बारीक झपाझप पावलं, फळीवरून वर ट्रकमधे, आणि थप्पीला टाकताना खांद्याचा एक झटका. पन्नास-साठ किलोचं वजन आहे ते. धड पुढं एवढं झुकतं की कट्टा नसता तर तोंडावर पडला असता. हेच काढायचं. गवंडी ओळंबा सोडतो तसा डोळ्यानं ओळंबा सोडा, पण एकट्या माणसाच्या मधून सोडू नका, माणूस अधिक कट्टा या दोघांच्या एकत्र मधून सोडा. तो पावलांच्या मधे पडला पाहिजे. बाहेर पडला तर तुमचा हमाल पडायलाय.

पोरं म्हणतात माणूस थांबत नाही, तीस सेकंदात निघून जातो. जाऊ द्या की. तो परत येतो. एका पानावर एकच होरायझन मारा आणि चार जागा ठरवा, कट्टा घेताना, चालताना, फळीवर चढताना, थप्पीला टाकताना. चालणारा आला की चालणाऱ्यात दोन रेघा वाढवा, तो गेला की घेणाऱ्याकडं जा. दर दोन-तीन मिनिटाला तीच पोझ परत येते, माणूस दुसरा असंल पण पोझ तीच. अर्ध्या तासात चार चांगली स्केचेस होतात, आणि चारही एकाच जमिनीवर उभी, कारण रेघ एक आहे. बॉलपेननं काढा, खोडायची सोयच नको. आणि डोक्यापासून सुरुवात करू नका, मागच्या टाचेपासून मानेपर्यंत जाणारी एक वाकडी रेघ आधी, लाइन ऑफ ॲक्शन, मग कट्ट्याचा ठोकळा, मग बाकीचं. डोकं सगळ्यात शेवटी, एक अंडं टाकलं तरी चालतं. तिथं बसायच्या आधी विचारून बसा मात्र. लोक कामात असतात, मधे वही घेऊन बसलेला माणूस पायात येतो. मला एकदा शिव्या पडल्यात, आणि चूक माझीच होती.

गेस्चर आणि पर्स्पेक्टिव्हची गाठ जिथं पडते ती जागा म्हणजे कड्या. बांगडी, कंबरेचा पट्टा, पायजम्याची मोहरी, बनियनचा गळा, डोक्याला बांधलेलं उपरणं, या सगळ्या गोल कड्या आहेत. डोळ्याच्या रेघेच्या खाली असलेल्या कडीचा समोरचा भाग खाली झुकतो, वाटीसारखा. रेघेच्या वर असलेल्या कडीचा समोरचा भाग वर उचलला जातो, कमानीसारखा. बरोबर रेघेवर असंल तर सरळ. म्हणजे मी जमिनीवर बसून उभा हमाल काढायलो तर त्याची मोहरी वाटीसारखी, कंबरेच्या खालचा भाग जवळपास सरळ, आणि गळा, उपरणं कमानीसारखं. तीन छोट्या वाकड्या रेघा फक्त. पण त्या बघणाऱ्याला सांगतात की हा माणूस खालून बघितलाय. चुलतभावाच्या वहीत सगळ्या कड्या सगळीकडं वाटीसारख्याच होत्या, गळ्याला पण, मोहरीला पण, म्हणजे प्रत्येक माणूस गच्चीवरून बघितल्यासारखा आणि बॅकग्राउंड जमिनीवरून. तरंगायचं अर्धं कारण तिथंच होतं.

एवढं करूनही इमारती विचित्र ताणलेल्या दिसत असतील तर व्हॅनिशिंग पॉइंट एकमेकांच्या लई जवळ आलेत. वही लहान म्हणून दोन्ही पॉइंट कागदातच कोंबायची सवय सगळ्यांना असते, मलाही होती. काटकोनातल्या दोन भिंतींचे पॉइंट डोळ्यापाशी 90 अंशात असतात आणि चित्रात न ताणता बसतं ते साधारण 60 अंशाचं, मग दोन्ही कागदात मावतीलच कसे. एक तरी बाहेर जाऊ द्या. बाहेरच्या पॉइंटकडं रेघ कशी न्यायची तर टेबलावर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करून दोरा ताणता येतो, पण बाहेर बसून काढताना ते जमत नाही. त्याला सोपं आहे. दुकानाच्या छपराची एक तिरकी रेघ डोळ्यानं बघून टाका. आता त्या रेघेपासून होरायझनपर्यंत एक उभी रेघ दुकानाच्या जवळच्या कोपऱ्यावर आणि दुसरी कागदाच्या कडेला. दोन्हीचे चार-चार सारखे भाग करा आणि जोड्यानं जोडा. सगळ्या रेघा आपोआप त्या न दिसणाऱ्या पॉइंटकडं जातात.

रिंग रोडचे लाइटचे खांब लांब जाताना अंदाजानं काढू नका, ते पण इथंच सांगतो. पहिला खांब, दुसरा खांब, दोघांच्या शेंड्यांची आणि बुडांची रेघ पॉइंटला. दुसऱ्या खांबाचा मध्य काढा, पहिल्याच्या शेंड्यापासून त्या मध्यातून रेघ खाली आणा, ती जमिनीच्या रेघेला लागंल तिथं तिसरा खांब.

फोटोवरून काढत असाल तर फोनची मेन लेन्स वाइड असते हे ध्यानात ठेवा. जवळ जाऊन फोटो काढला की पुढचा माणूस नको तेवढा मोठा येतो आणि कडेच्या भिंती ताणतात. चार पावलं मागं जा आणि 2एक्स झूमवर काढा. फोन वर-खाली कलंडला की उभे खांब पण एकमेकांकडं झुकतात. तेच मुद्दाम बघायचं असंल तर वेरूळला 16 नंबरच्या कैलासच्या वरच्या कड्यावर जा आणि खाली बघा, सगळ्या उभ्या कडा खाली एकत्र यायला लागतात, तिसरा पॉइंट जमिनीच्या पोटात. अशा कलंडलेल्या फ्रेममधे मी वर सांगितलेली डोळ्याच्या उंचीची पट्टी जशीच्या तशी चालत नाही, म्हणून आधी सरळ बघून महिनाभर काढा.

राहिलं पात्र कॅमेऱ्याकडं चालत येणं. हा माझा सगळ्यात जुना रोग. मी प्रत्येक ड्रॉइंगला पात्र सारखंच वाढवायचो, आणि ते चालत आल्यासारखं दिसायच्या ऐवजी फुग्यासारखं फुगत यायचं. माप अंतराच्या उलट चालतं, अंतर निम्मं झालं की उंची दुप्पट. समजा पात्र 40 फुटांवर 1 सेंटीमीटरचं आहे. 35 ला ते 1.14 होतं, 30 ला 1.33, 25 ला 1.6, 20 ला 2. नंतर 15 ला 2.67, 10 ला 4 आणि 5 ला 8. म्हणजे पहिल्या वीस फुटात एक सेंटीमीटर वाढलं आणि शेवटच्या पाच फुटात चार. साधं चालणं 12 फ्रेमला एक पाऊल धरलं आणि पाऊल अडीच फुटाचं, तर 24 फ्रेमला, म्हणजे एका सेकंदाला, पाच फूट. वर दिलेले आकडे मग सेकंदासेकंदाची 'की' ड्रॉइंग (मुख्य चित्रं) होतात, त्यांच्या मधली भरायची ती इनबिटवीन. आणि या प्रत्येक की मधे डोळ्याची रेघ पात्राला त्याच जागी कापली पाहिजे. मी उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवतो, म्हणजे डोळे रेघेवरच राहतात आणि वाढ सगळी खाली पायाकडं उतरत जाते. चालताना डोकं जे थोडं वर-खाली होतं ते नंतर वरून द्या, आधी हे बसू द्या. पाय घसरायचे थांबले ते या एका गोष्टीनं.

पारावर नाहीतर ओट्यावर उभा माणूस असंल तर पोरं परत गडबडतात, म्हणतात रेघ चुकीच्या जागी कापायली. बरोबरच आहे, तो जमिनीवर नाहीये. त्याला आधी ओट्याच्या बुडापाशी जमिनीवर काढा, फिक्कट, माप पक्कं करा, मग ओट्याच्या उंचीएवढा वर सरकवा. दोन फुटाचा ओटा असंल तर त्याच जागेच्या पट्टीवरचे दोन फूट, पुढच्या दुकानाच्या पट्टीवरचे नाहीत.

चुलतभावाचे हमाल आता जमिनीवर आहेत. त्याच्या ऑटोची मागची चाकं मात्र अजून वाकडी येतात, अंडाकृती नेमकी उलट्या बाजूला कलंडते. आखाच्या रेघेशी अंडाकृतीची लांब बाजू काटकोनात यायला पाहिजे असं सांगितलंय. रविवारी स्टँडवर बसणारोय, तिथं ऑटोंची रांगच असते.